नऊ नंबरचा व्हॉल

कोल्हारपासून सात-आठ किलोमीटर आत, प्रवरेच्या काठाला बोरवाडी आहे. त्या गावात भागवत म्हसे बावीस वर्षं पाणी सोडायचं काम करत होता. ग्रामपंचायतीच्या कागदावर त्याचा हुद्दा ‘पाणीपुरवठा कर्मचारी’ असा होता, गावात मात्र सगळे त्याला नाना म्हणत. नदीकाठच्या विहिरीवरची मोटार चालू करायची, टेकाडावरची टाकी भरायची, पाण्यात जंतू मारायची पावडर टाकायची आणि मग कमरेएवढी लांब लोखंडी चावी मोटारसायकलला बांधून गावभर फिरायचं. गावात नऊ व्हॉल होते. प्रत्येक व्हॉल जमिनीखाली, विटांच्या खड्ड्यात, वर लोखंडी झाकण. झाकण उचलायचं, चावी आत सोडायची, फिरवायची आणि चाळीस मिनिटांनी परत येऊन बंद करायची.

कुठला व्हॉल किती फेरे घेतो, कुठला शेवटच्या फेऱ्याला अडतो, कुठल्या आळीत पाणी चढायला पाच मिनिटं जास्त लागतात, हे सगळं त्याच्या डोक्यात होतं. त्यानं कधी काही लिहून ठेवलं नव्हतं. एकदा आजारी पडला तर बदली आलेल्या माणसाच्या दोन दिवसांत नाकी नऊ आले होते.

घरात दोन खोल्या, पुढं पत्र्याची पडवी. बायको पुष्पावती आणि तो. मुलगा ओंकार चाकणला कंपनीत. दोन वर्षांपूर्वी दिवाळी झाली आणि सुनेच्या बाळंतपणासाठी पुष्पावती चाकणला गेली. तीन महिन्यांची बोली होती. नात झाली, संस्कृती नाव ठेवलं. सुनेची नोकरी परत सुरू झाली, आणि पोरीला सांभाळायला कोण, हा प्रश्न आला. पुष्पावती तिथंच राहिली. चाकणच्या त्या दोन खोल्यांत भागवतनंही जाऊन राहावं अशी जागा नव्हती, आणि इथलं काम सोडून जाणार तरी कसा. रोज संध्याकाळी तिचा फोन यायचा.

“जेवले का?”

“जेवलो.”

“काय केलं हुतं?”

“खिचडी.”

फोनवर पोरगी रडायची, मागं मिक्सर चालायचा, मग ती म्हणायची, “बरं, ठेवते.” दोन-तीन मिनिटांत बोलणं संपायचं. या दोन वर्षांत भागवतनं तिला एकदाही ‘ये’ म्हटलं नाही. तिनं कधी ‘येऊ का’ विचारलं नाही. दोघांनाही वाटायचं, समोरच्याला अडचणीत कशाला टाका.

दुसऱ्या वर्षीच्या फेब्रुवारीत एका सकाळी तो चार नंबरच्या खड्ड्यापाशी उभा होता. झाकण उघडं होतं, चावी हातात होती. आणि आपण व्हॉल उघडायला आलोय की बंद करायला, हेच त्याला कळेना. तो तसाच उभा राहिला. मग खाली वाकून त्यानं चावीच्या दांड्याला कान लावला. आत पाणी धावत होतं. म्हणजे बंद करायला आलोय. त्यानं व्हॉल बंद केला आणि स्वतःशीच हसला.

पण महिन्याभरात ते रोजचं झालं. कोल्हारच्या बाजाराला जायचा आणि ज्यासाठी गेला तेच न घेता परत यायचा. घराला कुलूप लावून कोपऱ्यापर्यंत जायचा आणि कुलूप लावलं की नाही म्हणून मागं फिरायचा. एखाद्या दिवशी तीन-तीनदा. पेपर उघडला तर तीच ओळ चारदा वाचायचा आणि पाचव्यांदा पेपर घडी घालून ठेवायचा. पहाटे तीनला जाग यायची, आणि काही कारण नसताना छातीत धडधडायचं. खाण्याची चव गेली. दाढी आठ-आठ दिवस तशीच.

लोकांना कळू नये म्हणून त्यानं युक्त्या शोधल्या. नळावर बायका दिसल्या की सहज विचारल्यासारखं विचारायचा, “पानी आलं का?” आलं म्हटलं की त्याला समजायचं, आपण इथला व्हॉल उघडलाय.

त्याची भीती साधी नव्हती. त्याचे वडील आसाराम शेवटची चार वर्षं सगळं विसरले होते. पोराला ‘तुमी कुनाचे?’ विचारायचे. सकाळी उठून मराठी शाळेच्या फाटकापाशी जाऊन बसायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायचे, “सुटली का शाळा?” भागवत आणि पुष्पावतीनं त्यांचं सगळं केलं. अंघोळ, भरवणं, कपडे. त्यांना जाऊन आता तीन वर्षं झाली होती. वडलांना हे लागलं तेव्हा ते सत्तरीच्या पुढं होते. आपल्याला एक्कावन्नाव्या वर्षीच लागलं, असं भागवतनं मनाशी ठरवून टाकलं. आपलं कोण करणार, हा विचार आला की तो उठून उगीच अंगण झाडायला लागायचा.

हे तो एकाच माणसाला सांगू शकला असता, तो म्हणजे भिमाजी. पहिलीपासून दोघं एका बाकावर. भिमाजीची वस्ती गावाबाहेर मळ्यात, पाइपलाइनच्या अगदी शेवटाला. चार गाई, थोडा ऊस, थोडा घास. रोज संध्याकाळी डेअरीला दूध घालून झालं की तो स्टँडवरच्या हॉटेलात यायचा, भागवत तिथं असायचा, आणि दोघं अर्धा-अर्धा कप चहा घ्यायचे. नऊ नंबरचा व्हॉल भिमाजीच्या वस्तीचा. तो गावापासून लांब, म्हणून भागवतनं एक जादा चावी भिमाजीकडंच ठेवली होती. कधी यायला उशीर झाला तर फोन करायचा, आणि भिमाजी व्हॉल बंद करून टाकायचा.

भिमाजीला काहीतरी जाणवलं होतं.

“तुझं ध्यान कुठं असतं रं आजकाल? मी काय बोल्लो सांग बरं.”

“झोप न्हाई झाली.”

“रोजच न्हाई व्हत का?”

भागवत हसायचा. हॉटेलात चार माणसं बोलत असली की आता त्याला एकाचंही बोलणं धड कळत नव्हतं. सगळे हसले की तोही हसायचा. एप्रिलपासून त्यानं हॉटेलात जाणंच सोडलं.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात ती गोष्ट झाली. विहिरीचं पाणी खाली गेलेलं, टाकी दोन दिवसांतून एकदा कशीबशी भरायची. त्या दिवशी सकाळी टाकी काठोकाठ भरली होती. दुपारी तीनला भागवत गावठाणातला पहिला व्हॉल उघडायला गेला तर पाइपातून नुसती हवा. टाकीवर चढून पाहिलं. तळाला वीतभर गाळ आणि पाणी. गावातल्या बायका हंडे घेऊन ग्रामपंचायतीपुढं जमल्या. भागवत व्हॉल तपासत सुटला. एक ते आठ बंद. नऊ पूर्ण उघडा. वस्तीवरच्या टाक्या भरून वाहिल्या होत्या, आणि उरलेलं पाणी ओढ्याला गेलं होतं.

सरपंच आप्पासाहेबांनी त्याला कार्यालयात बोलावलं. तिथं सदस्य होते, दहा-बारा माणसं होती. भिमाजीलाही निरोप गेला, तोही आला.

“नाना, व्हॉल कुनी उघडला?” आप्पासाहेबांनी विचारलं.

भागवतला आदल्या दिवशी नऊ नंबर बंद केल्याचं पक्कं आठवत होतं. आज सकाळी तिकडं गेल्याचं त्याला आठवत नव्हतं. सगळे त्याच्याकडं पाहत होते. तो म्हणाला, “मी न्हाई उघडला.”

“मंग?”

“चाव्या दोनच हायेत. एक माझ्यापाशी, दुसरी भिमाजीकडं.”

भिमाजी दाराशी उभा होता. तो दोन पावलं पुढं आला.

“भागवत, तू म्हनतोस का हे?”

भागवत खाली बघत राहिला. भिमाजी बाहेर गेला, गाडीला बांधलेली चावी सोडून आणली आणि टेबलावर ठेवली. आपटली नाही, नीट ठेवली. मग कोणाकडं न बघता निघून गेला. आप्पासाहेबांनी तिथंच ठरवलं, पाऊस पडून विहीर भरेपर्यंत वस्तीला चार दिवसांतून एकदा पाणी.

पुढचे काही दिवस गावात चर्चा चालली. डेअरीत कोणीतरी भिमाजीला टोमणा मारला, “उसाला पाजलं का नळाचं पानी?” भिमाजीनं डेअरीच बदलली, पलीकडच्या गावात दूध घालायला लागला.

जूनमध्ये आशा कार्यकर्ती ज्योती घरोघर फॉर्म भरत फिरत होती. शुगर, बीपी, तंबाखू, असले प्रश्न. भागवतच्या पडवीत बसून तिनं सगळं विचारलं आणि शेवटी म्हणाली, “आता दोन प्रश्न राह्यले. मागच्या दोन आठवड्यात कशात मन लागत न्हाई, असं झालं का?”

“न्हाई.”

“उदास वाटतं, निराश वाटतं?”

“न्हाई बा.”

ज्योतीनं पेन खाली ठेवलं. ती भागवतच्या चुलत्याची सून, गावातलीच. म्हणाली, “नाना, एक इचारू? त्या पानी गेलेल्या दिवशी सकाळी मी वस्तीकडं लसीकरनाचं सांगायला गेल्ते. तुमी नऊ नंबरच्या खड्ड्याशेजारी बसून फोनवर बोलत हुते. मी दोनदा हाक मारली. तुमी माझ्याकडं बघितलं बी, पन ओ दिली न्हाई. मला लई इचित्र वाटलं.”

“मी?”

“व्हय, तुमीच.”

ती गेल्यावर भागवतनं मोबाईल काढला आणि त्या तारखेपर्यंत बोटानं मागं मागं गेला. दहा वाजून बारा मिनिटं. पुष्पावती. एकोणीस मिनिटं.

फोन त्याला आठवत होता, शब्द न् शब्द. एरवी संध्याकाळी येणारा तिचा फोन त्या दिवशी सकाळी आला होता. “पोरगी शाळेत जाईस्तोवर मला काय निघता येत न्हाई असं दिसतंय,” पुष्पावती म्हणाली होती. “अजून दीड-दोन वर्स तरी.” मग बराच वेळ ती इकडचं-तिकडचं बोलत राहिली होती, आणि तो ‘हां, हां’ करत होता. हे सगळं ध्यानात होतं. पण आपण ते कुठं बसून ऐकत होतो, त्याआधी हातानं काय केलं, त्यानंतर गाडी कधी चालू केली, यातलं काहीच नव्हतं. उन्हाळ्यात वस्तीला दाब मिळत नाही म्हणून भिमाजीसाठी अर्धा तास जादा पाणी सोडावं, असं त्यानं आदल्या दिवशी मनात आणलं होतं. तेवढं मात्र आता आठवलं.

त्यानं मोबाईल पालथा ठेवला.

त्याच वेळी उठून भिमाजीकडं जायला हवं होतं. तो गेला नाही. गेलो तर सांगावं लागणार की मी उघडला आणि मला आठवत नाही. आणि ते सांगितलं की उद्या सगळं गाव म्हणणार, आसारामबाबासारखंच झालं. काम जाणार. काम गेलं तर दिवसभर या दोन खोल्यांत बसून काय करायचं? तो गप्प राहिला. दर चौथ्या दिवशी नऊ नंबरला पाणी सोडायचा, घड्याळात बघून बंद करायचा. मधल्या दिवसांत भिमाजीची बायको बनुबाई डोक्यावर हंडा घेऊन ओढ्यापलीकडच्या हापशावरून येताना दिसायची. ती पदर पुढं ओढायची आणि रस्त्याच्या दुसऱ्या कडेनं जायची. पूर्वी ती लांबूनच ओरडायची, “भावजी, च्या घेऊन जा.”

ज्योती परत आली. मग परत आली. तिसऱ्या वेळी चिठ्ठीच घेऊन आली.

“मंगळवारी नगरला सरकारी दवाखान्यात जा. मनाच्या आजाराच्या डॉक्टरीनबाई हायेत.”

“मला येड लागलंय असं म्हनायचंय का तुला?”

“तसं असतं तर मी तुमच्याशी बोलत बसले असते का? जाऊन तर या.”

एवढ्याचसाठी तो गेला: वडलांचं तेच आपल्याला झालंय का, हे एकदा कोणीतरी सांगून टाकावं. कोल्हारहून एसटीत बसला. पाटीवर अहिल्यानगर लिहिलेलं, कंडक्टर मात्र ‘नगर, नगर’ असंच ओरडत होता. चिठ्ठी खिशात आहे का, हे त्यानं राहुरी येईपर्यंत सात वेळा पाहिलं.

डॉक्टरीणबाई तिशीतल्या होत्या. त्यांनी घाई केली नाही. आजची तारीख विचारली, वार विचारला, तीन शब्द सांगून ‘मी नंतर विचारेन’ म्हणाल्या. शंभरातून सात-सात कमी करायला सांगितलं. शहाऐंशीपाशी तो अडकला, परत सुरू केलं, परत अडकला. तीन शब्दांतला एक राहिला, पण बाईंनी ‘भाजी होती’ म्हटल्यावर लगेच आठवला, दोडका.

“काम काय करता?”

“पानी सोडतो. ग्रामपंचायतीत.”

“म्हणजे नेमकं काय करायचं असतं? मला काहीच माहीत नाही.”

त्यानं सांगायला सुरुवात केली. एक नंबर चौदा फेरे, पण शेवटचा अर्धा घ्यायचा नाही, गळतो. दोन नंबर अकरा. तीन नंबरला आधी थोडा उघडून हवा जाऊ द्यायची. चार, पाच. सहा नंबर उलटा फिरतो, बसवतानाच चुकलाय. नऊपर्यंत तो न थांबता सांगत गेला. बाई ऐकत होत्या.

“मग झोप कशी? जेवण? घरात कोण असतं?”

“कोन न्हाई,” तो म्हणाला, आणि त्याला रडू आलं. वडील गेले तेव्हाही तो चारचौघांत रडला नव्हता.

बाईंनी त्याला रडू दिलं. मग म्हणाल्या, “हे बघा, तुमच्या वडिलांना होतं तसं काही मला आता दिसत नाही. रक्त तपासू, थायरॉइड आणि बाकीचं बघू, म्हणजे शंका नको. पण तुमची आठवण गेलेली नाही. तुमचं लक्ष लागत नाहीये. मन सतत काळजीत आणि उदास असलं की हात काम करतो आणि डोकं दुसरीकडंच असतं. जे नीट बघितलंच नाही, ते नंतर आठवणार कसं? हा आजार आहे. याला औषध आहे. पण गोळी आज घेतली आणि उद्या बरं वाटलं, असं होणार नाही. महिना-दीड महिना धीर धरा.”

“आन तवर?”

“तोवर डोक्यावर सगळं टाकू नका. एका वेळी एकच काम. व्हॉल बंद केला की मोठ्यानं म्हणा, बंद केला. खिशात वही ठेवा, तिथंच लिहा. कामाच्या वेळी फोन लांब ठेवा. आणि घरी कोणाला तरी सांगा. बायकोला सांगा.”

तो हो म्हणाला. बायकोला सांगितलं मात्र नाही.

पहिले तीन आठवडे गोळ्यांनी तोंड कोरडं पडलं, पोटात ढवळलं, दिवसा डोळे मिटायला लागले. बाकी काही फरक नाही. दोनदा त्यानं पाकीट फेकून द्यायला उचललं. ज्योती येता-जाता विचारायची म्हणून फेकलं नाही. रक्ताचे रिपोर्ट बरे आले. एक जीवनसत्त्व कमी होतं, त्याची वेगळी गोळी मिळाली. वही खिशात आली. तो खड्ड्यावर उभा राहून मोठ्यानं म्हणायचा, “चार नंबर बंद केला, आठ वाजून दहा मिनटं.” माणसं हसायची. “नाना, कुनाला सांगताय?” तो वही काढून लिहायला लागायचा. फोन मोटारसायकलच्या डिकीत, आणि झाकणाला हात लावल्याशिवाय गाडीला किक मारायची नाही, असं त्यानं स्वतःला घालून घेतलं. संध्याकाळी तो पाटाच्या कडेनं पुलापर्यंत चालत जायला लागला. एकटाच. पूर्वी त्या वेळी चहा असायचा.

जुलै संपता संपता एक दिवस भाकरी खाताना त्याला मिरचीच्या ठेच्याची चव लागली. चार महिन्यांनी. झोप पहाटे पाचपर्यंत लागायला लागली. विसरणं होतंच, पण कमी.

आणि डोकं जसं थोडं थोडं स्वच्छ व्हायला लागलं, तसं भिमाजीचं त्याला जास्त बोचायला लागलं. आपल्याला वडलांचा आजार झालाय असं वाटत होतं तोवर एक आडोसा होता. आपल्या हातात काही नाही, असं म्हणता येत होतं. आता तसं म्हणता येईना. जूनपासून त्याला सगळं माहीत होतं. ते तो विसरला नव्हता, एक दिवसही नाही.

पंधरा ऑगस्टला झेंडा झाल्यावर शाळेच्या व्हरांड्यात ग्रामसभा बसली. विषय संपत आले तेव्हा भागवत उभा राहिला. त्यानं कागदावर लिहून आणलं होतं, कारण मध्येच अडकलो तर काय, ही धास्ती.

“मला एक सांगायचंय,” तो म्हणाला. “मे म्हैन्यात टाकीचं पानी गेलं. नऊ नंबर मीच उघडला हुता. बंद करायचं माझ्या ध्यानातून गेलं. भिमाजीचा काही संबंध न्हाई. मला…” इथं तो थांबला. कागदावरची ओळ सापडेना. सगळे वाट पाहत होते. मागून कोणीतरी फिसकन हसलं. “मला मनाचा आजार झालाय. नगरला दवाखाना चालू हाय. गोळ्या घेतो. भिमाजीवर मी खोटा आळ घातला.”

तो खाली बसला. आप्पासाहेबांनी घसा साफ केला. “बरं झालं सांगितलं,” ते म्हणाले, पण आवाजात नाराजी होती. “हे आधी सांगायचं नाना. आमी त्या मान्साला काय काय बोल्लो.” मग ठरलं की वस्तीचं पाणी आजपासून पूर्वीसारखं, मोटार आणि पावडरीचं काम काही महिने दुसऱ्याकडं, भागवतनं फक्त व्हॉल बघायचे. काम गेलं नाही. पण सभा उठल्यावर माणसं त्याच्या बाजूनं वाट काढत निघून गेली.

ज्याच्यासाठी हे सगळं बोलला, तो सभेला नव्हताच. मेपासून भिमाजी गावातल्या कुठल्याच कार्यक्रमाला येत नव्हता.

भागवत संध्याकाळी वस्तीवर गेला. भिमाजी गाईखाली बसून धार काढत होता. त्यानं मान वर केली नाही.

“भिमाजी.”

“ऐकलं मी. ज्योती सांगून गेली.”

“माझं चुकलं.”

दुधाच्या धारा बादलीत पडत राहिल्या. मग भिमाजी म्हणाला, “तू माझं नाव घेतलं, त्याचं मला एवढं न्हाई वाटलं. घाबरला असशील. मी तवाच बनूला म्हनलो, ह्याचं कायतरी बिनसलंय. पन जूनमंदी तुला कळलं. जून, जुलै, आर्धा ऑगस्ट. ही बाई डोक्यावर पानी आनत हुती. तू बघत हुता.”

“व्हय.”

“मला येऊन सांगितलं असतं तर मी तुला नगरला घेऊन गेलो असतो. तुझ्या बापाला न्हेलं हुतं तसं.”

भिमाजी उठला, बादली आत ठेवली आणि विळा घेऊन घासाच्या वाफ्याकडं गेला. बनुबाईनं चहा आणला. कप त्याच्याजवळ ओट्यावर ठेवला आणि ती आत गेली. भागवतनं तो एकट्यानं प्यायला, कप पालथा ठेवला आणि गाडीला किक मारली.

त्या दिवशी पुष्पावतीचा फोन आला तेव्हा “जेवले का” च्या पुढं त्यानं तिला सांगितलं. सगळं नाही सांगता आलं. पण गोळ्यांचं सांगितलं, दवाखान्याचं सांगितलं, पाण्याचं सांगितलं. पलीकडचा मिक्सर बंद झाला.

“आधी का न्हाई सांगितलं?”

“तुला तिकडं काम.”

“मला वाटायचं तुमाला एकट्याला बरं वाटतंय,” ती म्हणाली. “कधी ये म्हनला न्हाई तुमी.”

गणपतीत ती सहा दिवसांसाठी आली, नातीला घेऊन. तिनं डबे घासले, पडवी सारवल्यासारखी धुतली, गोळ्या सकाळच्या-रात्रीच्या वेगळ्या डब्यांत घातल्या. तो खड्ड्यापाशी मोठ्यानं बोलायचा ते तिनं एकदा उभं राहून ऐकलं, पण हसली नाही. सातव्या दिवशी ओंकार गाडी घेऊन आला. निघताना ती दोनदा घरात जाऊन आली. “दिवाळीला येते. आन आता रोज दोनदा फोन करीन,” म्हणाली. ती करते. सकाळचा फोन त्याचं काम आटपल्यावर, अकरा वाजता.

गाडी गेल्यावर त्यानं घरात पाहिलं तर नातीचा एक मोजा पलंगाखाली राहिला होता. तो धुऊन त्यानं दोरीवर टाकला. आठवडाभर तो मोजा दोरीवरच होता. काढला की घर पहिल्यासारखं दिसेल म्हणून त्यानं काढला नाही.

पुढं थंडी आली. डॉक्टरीणबाईंनी दोन महिन्यांनी यायला सांगितलं. शंभरातून सात-सात कमी करत तो एकदा सोळापर्यंत न अडकता गेला. वही अजून खिशात असते. वाईट दिवस येतात. त्या दिवशी तो दोन व्हॉल कमी उघडतो, उरलेले दुसऱ्या दिवशी उघडतो, आणि आप्पासाहेबांना तसं कळवून टाकतो. हॉटेलात तो गेला नाही असं नाही. गेला, चहा घेतला. पण समोरची खुर्ची रिकामी असली की चहा पटकन संपतो.

जानेवारीत एक दिवस दुपारी त्याच्या मोबाईलवर भिमाजीचं नाव आलं. आठ महिन्यांत पहिल्यांदा.

“नऊ नंबरच्या पुढं गळती हाय. पाइप फुटलाय. ये,” भिमाजी म्हणाला आणि फोन ठेवला.

भागवत गेला. भिमाजीनं आधीच कुदळ-फावडं आणलं होतं. दोघांनी मिळून खणायला घेतलं. माती ओली, जड. दोन तास लागले. ‘इकडं धर’, ‘जरा सरक’, ‘करवत दे’ यापलीकडं बोलणं झालं नाही. नवा तुकडा बसला, पाणी सोडून पाहिलं, सांध्यातून थेंब आला नाही. भिमाजी पाटाच्या पाण्यात हात धुवायला वाकला.

“गोळ्या चालू हायेत का?” त्यानं पाठमोऱ्यानंच विचारलं.

“हायेत.”

“किती दिवस?”

“बाई म्हनल्या, अजून सा म्हैने तरी.”

“घेत जा,” भिमाजी म्हणाला. “मधीच सोडू नको.”

त्यानं कुदळ खांद्यावर घेतली आणि बांधावरून वस्तीकडं निघून गेला. भागवतनं फावडं उचललं आणि खड्डा बुजवायला लागला.